मरताना डबा काय म्हणाला?

"बंद करून चालू करा, होईल नीट" हा सल्ला जगात पहिल्यांदा ज्याने कोणी दिला, त्याने जेवढे पुरावे नष्ट केलेत तेवढे एखाद्या सराईत गुन्हेगारानेही केले नसतील! तो कोण, मला माहीत नाही. सापडला तर त्याला कार्ला गावातल्या प्लास्टिकच्या छताच्या पॉलीहाऊसमध्ये भर दुपारी उभा करणार आहे. पंखे बंद करून.

तळेगावात स्टेशनजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. केदारदादा धंदा बघतो, मी कोड लिहिते. आम्ही पॉलीहाऊससाठी एक डबा बनवतो. आतला दमटपणा सेन्सरने मोजायचा आणि त्याप्रमाणे पंखे चालवायचे, एवढंच त्याचं काम. पहिला डबा लागला कार्ल्याच्या रत्नामावशींच्या गुलाबांवर, आणि तोच अधूनमधून कोसळायला लागला. आमच्याकडे किस्से जमवावे लागत नाहीत. यंत्र एकदा आडवं झालं की चार माणसं चार गोष्टी करतात आणि पाचवा किस्सा आपण स्वतः असतो!

*

पहिल्यांदा डबा बंद पडला तेव्हा मावशींकडे कामाला असलेल्या सोपानभाऊंनी शांतपणे बटण बंद केलं, चालू केलं आणि मग मला फोन केला. "झालं बगा मॅडम, चालू!"

मी ओरडलेच. "अहो भाऊ, कर्नेल पॅनिक होतं ते!"

कर्नेल म्हणजे सगळ्या सिस्टीमचा गाभा. तो कोसळतो तेव्हा का कोसळलो ते डब्याच्या स्क्रीनवर लिहितो. वीज गेली की लिहिलेलं गेलं! मी म्हटलं, "आधी फोटो काढायचा होता!"

सोपानभाऊ गंभीर झाले. "मॅडम, मानूस चक्कर येऊन पडला तर तोंडावर पानी मारायचं का फोटो काढायचा?"

*

पुढच्या वेळी त्यांनी आठवणीने फोटो काढला. स्क्रीनचा आणि स्क्रीनसमोर हसत उभ्या असलेल्या स्वतःचा! मला हवी होती ती ओळ बरोब्बर टोपीमागे.

"मागचं कशाला बगता? मी हाय की साक्षीला!"

*

तिसरा फोटो चांगला आला. पण स्क्रीनवर मावतात शेवटच्या पंचवीस ओळी, आणि खरी गंमत असते वरच्या, निघून गेलेल्या ओळींत. तो फोटो आला तेव्हा मी बसमध्ये, सोमाटणे फाट्यावर अडकलेली. फोनवर ओरडत होते, "शेवटचं नको हो, पहिलं काय म्हणाला ते सांगा! मरायच्या आधी!"

शेजारच्या काकूंनी काही न विचारता मला खिडकीची जागा दिली.

*

मग मावशींनी बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"पोरी, पंखे थांबले की कळ्या करपत्यात. तुला पंधरा दिस देते. का पडतो ते सांग, न्हाईतर डबा उचल. आमी आपलं हातानं बटनं दाबू."

आसपासचे सगळे गुलाबवाले मावशींकडे बघून ठरवणार होते. इथून डबा उचलला गेला असता तर मावळात आम्हाला कोणी दारात उभं केलं नसतं!

मी म्हटलं, "मावशी, आता एक नवी सोय करते. डब्याच्या आठवणीतला, म्हणजे मेमरीतला, एक कोपरा राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा छोटा कर्नेल बसवायचा. पहिला कोसळला की हा उठणार, पहिल्याच्या डोक्यात त्या क्षणी काय काय होतं ते सगळं डब्यातल्या मेमरी कार्डावर उतरवणार आणि मगच डबा पुन्हा चालू करणार."

"आन् पयला सवता का न्हाई लिवत?"

"कोसळलेल्याच्या हातात पेन दिलं तर तो चांगलं लिहिलेलंही खराब करेल ना!"

मावशी म्हणाल्या, "व्हय, मेलेल्यानं सवताचा पंचनामा करू ने."

तीन पुस्तकं वाचून मला जे समजलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं!

*

सोय चालते का हे बघायला डबा मुद्दाम पाडावा लागतो. त्यासाठी एक छोटी कमांड असते. माझ्यासमोर लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघड्या. एक ऑफिसात टेबलावर चाचणीसाठी ठेवलेल्या डब्याची, एक इथूनच जोडलेल्या कार्ल्याच्या डब्याची. कमांड दिली. टेबलावरचा डबा मजेत चालू!

मिनिटभरात फोन. "पोरी, पंखे थांबले!"

"हो मावशी. मीच थांबवले."

फोन ठेवून मी टेबलावर डोकं टेकलं. केदारदादा उठून आला आणि त्याने माझ्याशी हात मिळवला. "अभिनंदन! कारण माहीत असलेला हा आपला पहिला क्रॅश!"

कार्डावर मात्र काहीच उतरलं नव्हतं. दुसऱ्या कर्नेलला दिलेला कोपरा इतका लहान होता की उठता उठता तोही कोसळला.

दादा म्हणाला, "पंचनाम्याला आलेला तलाठीच चक्कर येऊन पडला की गं!"

*

कोपरा वाढवला. मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला डबा कोसळला, आणि या वेळी सगळं कार्डावर उतरलं! मी कार्ल्याला पळाले, कार्ड लॅपटॉपला लावलं आणि नोंदी वाचायला लागले. सात वाजून दहा मिनिटं: सेन्सरची वायर काढली. अकरा: कर्नेल पॅनिक.

"भाऊ, सकाळी वायर काढली होती?"

"व्हय. फवारनी व्हती ना. तुमीच म्हनालेला, शेन्सर भिजवू नका. दर फवारनीला काढून पिशवीत गुंडाळतो." सोपानभाऊंचा चेहरा उतरला. "माज्यामुळं पडायचा का?"

मावशी बघत होत्या. त्यांचे थोरले दीर, आबा, स्वतःच्या पॉलीहाऊसला डबा घ्यावा का हे ठरवायला मुद्दाम येऊन बसले होते. "हो" म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"नाही भाऊ. तुम्ही बरोबर केलंत. वायर काढल्यावर मीच मेमरीतली सेन्सरची जागा रिकामी केली, दुसऱ्या कामाला दिली, आणि तरी त्या जागेत लिहीत राहिले. म्हणजे माझा कोड. तिथे दुसऱ्याचं काही आलं की तीन-चार तासांनी सगळं कोसळायचं. चूक माझी."

तिथेच बसून कोड दुरुस्त केला. रविवारी सकाळी सातला सोपानभाऊंनी माझ्या सांगण्यावरून वायर वीसदा काढली, वीसदा लावली. आठ वाजले. अकरा वाजले. बारा वाजता आम्ही सगळे पंख्यांखाली माना वर करून उभे, आणि पंखे फिरताहेत!

मावशींनी आबांकडे बघितलं.

आबा म्हणाले, "डबा ऱ्हाऊ दे, रत्ना. पर ह्या पोरीला इचारून घे, हिनं आजून कुटं कुटं काय काय लिवून ठिवलंय!"