सुधारणेस वाव

मी ज्यांना शिकवलं ते सगळे माझ्यापेक्षा महागडे कपडे घालून यायचे. वागळे इस्टेटमधल्या एका सल्लागार कंपनीचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर गालिचा आणि एसी. नव्वदीनंतरची वर्षं होती. आमच्या भागातले कारखानदार परदेशात माल पाठवायला लागले होते आणि तिकडची गिऱ्हाइकं विचारायला लागली होती, की तुमचं सांडपाणी जातं कुठे. कारखानदार धावले सल्लागारांकडे. सल्लागारांना तोवर मालाचा दर्जा आणि गोदामाची मांडणी एवढंच ठाऊक. त्यांना पर्यावरण शिकवायला कुणीतरी हवं होतं. तिथे माझी वर्णी लागली.

त्याआधी बरीच वर्षं मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. दम्यानं नोकरी सोडायला लावली. सल्लागार कंपनीच्या साहेबांना माझा अनुभव आवडला. म्हणाले, "बाई, कॉलेजातला कोर्स नको. शिंपी माप घेऊन कपडा बेततो तसा आमच्या मापाचा बेता. रंगवाल्यांसाठी वेगळा, औषधवाल्यांसाठी वेगळा."

मला ते फार पटलं. तीन महिने जेवणाच्या टेबलावर बसून मी तो अभ्यासक्रम लिहिला. नवरा म्हणायचा, पीएचडी करतेस की काय. मला खरंच वाटत होतं, की आपण पहिल्या तुकडीतली नऊ माणसं तयार केली आणि ती नऊ माणसं शंभर कारखान्यांत गेली, तर काहीतरी बदलेल. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पुस्तकात नसलेलं सगळं मी त्यांना शिकवलं. पाणी शुद्ध करायची टाकी प्रत्येक कारखान्यात असते. ती खरोखर चालते का, हे कसं ओळखायचं? मी सांगायचे, "मालक तुम्हाला बाग दाखवेल, काजू देईल. तुम्ही चुन्याची पोती बघा." आम्लाचं पाणी चुन्यानं मारतात. टाकी चालत असेल तर पोती येतात, संपतात. चालत नसेल तर तीच पोती दमट हवेत पडून दगड होतात. मग रजिस्टर बघा. रोज पाणी तपासून केमिस्ट आकडा लिहितो. सातच्या आसपास आला म्हणजे पाणी ठीक. दिवाळीच्या पाडव्याचं पान उघडा. कारखाना बंद, टाकी बंद, तरी तिथे आकडा असेल, तर अख्खा महिना एका बैठकीत लिहिलाय असं समजा.

"मॅडम, हे तुम्हाला कसं माहीत?" एकानं विचारलं.

"बघितलंय," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. फक्त पेन कुणाच्या हातात होतं ते सांगितलं नाही. महिनाअखेरीला आमचे मॅनेजर रजिस्टर माझ्यापुढे सरकवायचे आणि मी लिहायचे: सात पूर्णांक एक, सात पूर्णांक तीन, सहा पूर्णांक नऊ. सलग दोन दिवस सारखा आकडा येणार नाही, एवढी काळजी घ्यायचे.

नऊ जणांत कल्याणचे एक गृहस्थ होते. चाळिशीचे. ठाण्यातल्या त्यांच्या कंपनीला टाळं लागलं, तेव्हा तिथला क्वालिटीचा हुद्दा जाऊन ते इथे आले होते. घरी दोन मुली. ते फार बोलायचे नाहीत, पण मी दिलेला गृहपाठ तेच एकटे पूर्ण करून आणायचे. मी लाल पेनानं शेरे मारून वही परत करायचे आणि ते शेऱ्यांखाली पुन्हा उत्तर लिहून आणायचे.

एका सकाळी मी सगळ्यांना कोपरीच्या बाजूला खाडीवर नेलं. तिथे एक म्हातारी कोळीण जाळं झटकत बसली होती. माझी तिची तोंडओळख होती, तिच्याकडून मी कधीमधी बोंबील घ्यायचे. मी तिला सांगितलं, की हे साहेब लोक कारखान्यांना शिकवणार आहेत, पाणी घाण करू नका म्हणून. तिनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

"कंपनीवाल्यांना शिकवनार? त्यांना ठाव नाय काय, पानी कुठं जातं ते?"

ती पुढे म्हणाली, "आमाला ठाव हाय, त्यांना ठाव हाय. मंग तुमी कुनाला शिकवता, बाय?"

तिथून परतल्यावर कोर्सबद्दल मत देण्याचे छापील फॉर्म भरून घेतले गेले. बहुतेकांनी लिहिलं होतं: खाडीची भेट अनावश्यक, वास येतो. पुढच्या तुकडीपासून साहेबांनी ती भेट काढून टाकली. मीही फार ताणलं नाही.

कोर्स संपल्यावर कल्याणच्या गृहस्थांना पहिलं काम मिळालं ते माझ्याच जुन्या कारखान्याचं. योगायोग काही नव्हता. रंगवाल्यांचे अहवाल करायला तयार झालेली माणसंच मोजकी होती. ते जायच्या आधीच मला हे कळलं. मी साहेबांना सांगू शकले असते, की यांना दुसरीकडे पाठवा. नाही सांगितलं. कारण विचारलं असतं तर काय सांगणार होते?

ते तिथे चार दिवस गेले आणि मी शिकवलेलं एकूण एक केलं. पोत्यांवर हात मारून पाहिला. रजिस्टरं मागवली. टाकीला वळसा घालून नाल्यात जाणारा पाइप शोधून काढला. अहवालात सगळं सरळ लिहिलं, पानांच्या क्रमांकासकट.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अहवाल टेबलावर होता.

"तुम्हीच शिकवलंत ना त्यांना?"

"हो."

"छान शिकवलंत. पण बाई, मला सल्लागार हवेत, फौजदार नकोत. गिऱ्हाइकानं आपल्याला पर्यावरणाचं सर्टिफिकेट मिळवून द्यायला बोलावलंय. 'त्रुटी' लिहायची नाही. 'सुधारणेस वाव' लिहायचं. तुम्ही समजवा त्यांना, तुमचं ऐकतील."

मी गेले. इमारतीखाली टपरीवर आम्ही दोघं चहा घेत उभे राहिलो. मी म्हटलं, "अहो, फक्त शब्द बदलायचेत. आत शिरल्याशिवाय सुधारणा कशी होणार? एकदा सर्टिफिकेट मिळालं की दरवर्षी तपासणी होईल, हळूहळू ते सुधारतील." हे सगळं मी फार छान बोलले. मला अशी वाक्यं येतात.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी जुनी रजिस्टरं पण बघितली. सात-आठ वर्षांपूर्वीची."

मी चहाचा घोट घेतला.

"अक्षर ओळखलं. माझ्या वहीत रोज बघत होतो ना. ते मी अहवालात घेतलेलं नाही. जुनं आहे, आणि तुम्ही तेव्हा नोकरीत होता."

माझी त्या क्षणाची पहिली भावना शरमेची नव्हती. नाव अहवालात नाही, याचं मला हायसं वाटलं. शरम नंतर आली, घरी भाजी चिरताना, आणि मग ती बराच काळ मुक्कामाला राहिली.

"मग अहवालाचं काय करता?" मी तरीही विचारलं.

"तसाच ठेवतो," ते म्हणाले. "माझ्यानं नाही होणार बदलायला. तुम्ही साहेबांना सांगा, मी समजावून पाहिलं म्हणून. तुम्हाला त्रास नको."

साहेबांनी तो अहवाल माझ्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे दिला. त्यानं एका दुपारीत नवा लिहिला. मी वाचला. भाषा सुरेख होती, मी शिकवलेला एकही शब्द वाया गेलेला नव्हता. नाल्यातल्या पाइपाला त्यानं 'पर्यायी निचरा व्यवस्था' म्हटलं होतं.

कल्याणच्या गृहस्थांना नवी गिऱ्हाइकं शोधायच्या कामाला लावलं. दारोदार फिरायचं ते काम त्यांना जमणार नाही, हे साहेबांना पक्कं माहीत होतं. दोन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी मी रजा घेतली होती. आजारी नव्हते.

कारखान्याला सर्टिफिकेट मिळालं. समारंभाला मलाही बोलावलं. माझे जुने मॅनेजर आता डायरेक्टर झाले होते. माइकवरून म्हणाले, "या आमच्याच. इथेच घडल्या." शाल दिली, नारळ दिला, गेटजवळ सगळ्यांच्या हातून गुलमोहराची रोपं लावून घेतली. मी शाल अंगावर घेऊन फोटोत उभी राहिले. माझ्या मागे, भिंतीपलीकडे, नाल्याचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं.

मी ती नोकरी सोडली नाही. मुलाचं इंजिनीअरिंग, घराचा हप्ता, दमा. कारणं सगळ्यांकडे असतात तशी माझ्याकडेही होती. कोर्स मात्र चांगलाच चालला. प्रत्येक कंपनीसाठी नवं मुखपृष्ठ, त्यावर 'खास आपल्यासाठी', आत तेच. चुन्याच्या पोत्यांचा आणि पाडव्याचा धडा मी स्वतःच गाळला. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

काही वर्षांनी ते गृहस्थ मला डोंबिवलीत चष्म्याच्या दुकानात भेटले. बरोबर पत्नी होती. केस बरेच पांढरे झाले होते. मी विचारलं, सध्या काय करता. एका खासगी डिप्लोमा कॉलेजात शिकवतो, म्हणाले. मधलं एक वर्ष कठीण गेलं, थोरलीचं शिक्षण थांबवावं लागलं, पण आता ठीक आहे. हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"तुम्ही अजून तिथेच?"

"हो."

"बरं."

क्षमा मागायची तर ती वेळ होती. मी त्यांच्या धाकट्या मुलीची चौकशी केली. ती दहावीला होती. मग माझा चष्मा तयार झाला आणि मी निघाले. दाराशी असताना त्यांच्या पत्नीनं विचारलेलं ऐकू आलं, कोण हो त्या?

"आमच्या मॅडम," ते म्हणाले. "मला शिकवायला होत्या."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी घरी जाऊन चार माणसांना सांगितलं असतं, की बघा, लोक कसे बोलतात.