मामांच्या इंजिनाचं तोंड

माझ्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या शहापुरात जन्मला नाही, आणि जन्मला असलाच तर घरच्यांनी त्याला लपवून ठेवलं असणार. जन्मभर त्यांनी साड्या विणल्या, पण जीव अडकलेला यंत्रात. कुणाचा मिक्सर जळाला की लोक हळहळतात, मामा खूश होतात. एका लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून त्यांनी सांगितलं होतं, ''तुझ्या गाडीचा क्लच घसरतोय रं, आत येताना ऐकलोय मी.'' मामी त्यावर कपाळाला हात लावते. तिचं निम्मं आयुष्य कपाळाला हात लावण्यातच गेलंय.

मामीचं माहेर संकेश्वरजवळच्या एका खेड्यातलं. तिथल्या टेकडीवरच्या देवीची यात्रा तिनं कधी चुकवली नव्हती. पण गुडघे गेले. वर जायला नुसती मुरमाची अरुंद वाट, मोटार मावत नाही, आणि मोटारसायकलवर मामी मेली तरी बसायची नाही. एका यात्रेला ती पायथ्याशी दगडावर बसून राहिली, नारळ दुसऱ्याच्या हाती वर पाठवला आणि पदरानं डोळे पुसले. मामांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी थेट भंगारवाल्याचं दुकान गाठलं. मोटारसायकलचं इंजिन लावून चार चाकांची चिंचोळी गाडी बनवायची आणि मामीला देवीपुढं न्यायची!

मग इंजिनावरून गल्लीत जी चर्चा पेटली, तेवढी निवडणुकीलाही पेटत नाही. कोण म्हणे स्कूटरचं घ्या, गिअरची कटकट नाही. ''पट्टा घसरला चढावर, तर तुझी मामी काय तू धरणार?'' मामांनी मलाच झापलं. कोणी नव्या पळणाऱ्या गाडीचं इंजिन सुचवलं. तेही नापास. शेवटी त्यांनी एका गवळ्याची जुनी मोटारसायकल उचलली. म्हणाले, ''रोज दुधाचे कॅन वडलेलं इंजिन हाय हे. ह्याला वज्झ्याची सवय हाय.'' मामी शेजारीच तांदूळ निवडत होती. तिनं सूप आपटलं.

गिअरिंगचा हिशोब मात्र मामांनी आपल्या हातमागावरून काढला. साखळीचं पुढचं चक्र लहान, मागचं चांगलं मोठं. ''साडी दाट विणायची तर कापड हळू गुंडाळायला लागतंय. आपल्याला पळायचं न्हाय, चढायचं हाय.'' बोलणं अगदी बरोबर. घोळ दुसरीकडंच झाला. विणकर मागासमोर उभा राहणार आणि कापड त्याच्याकडं येणार, ही सवय हाडीमाशी खिळलेली. मामा सांगाड्याच्या मागं उभे राहिले आणि इंजिन आपल्याकडं तोंड करून वेल्ड करून घेतलं. चाकं उचलून फिरवूनही बघितली, ती आपल्याकडंच फिरत येतायत म्हणून समाधानानं मान डोलावली!

चाचणी बोळात घ्यायला मामा तयार नव्हते. पहिली फेरी देवीचीच. यात्रेच्या सकाळी टेंपोतून गाडी टेकडीच्या पायथ्याशी उतरवली, हळदकुंकू वाहिलं, मामी हातात ओटी घेऊन जीव मुठीत धरून बसली. मामांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी सरळ मागं जाऊन नारळवाल्याच्या ढिगात घुसली. दुसरा टाकला. अजून जोरात मागं! चारही गिअर रिव्हर्स. लोक पोट धरून हसले. मामांचं तोंड मात्र एवढंसं झालं. वेल्डर शहापुरात, यात्रा आज. ''उतर बाई,'' ते हळूच म्हणाले, ''माझ्याच्यानं झालं न्हाय.''

मामी उतरली नाही. ''उलटी तर उलटी,'' ती कडाडली, ''फिरवा की हिचं तोंड!''

आम्ही पोरासोरांनी ढकलून गाडी फिरवली. ढुंगण टेकडीकडं, तोंड गावाकडं. गवळ्याचं इंजिन घुमलं, मामा मान मुरगळून मागं बघत राहिले आणि गाडी हळूहळू, न थांबता वर चढली. देवीपुढं मामीनं स्वतःच्या हातानं ओटी भरली.

उतरताना मामी म्हणाली, ''दरवर्षी घराकडं पाठ करून चढायचो. आज वरपर्यंत घर बघत आलो.'' ते माहेरचं घर आता कुलूपबंद असतं. आई-वडील गेल्यापासून तिथं 'आलीस गं?' म्हणणारं कोणी नाही.

इंजिन फिरवून बसवायचं म्हणजे वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर आणखी यात्रा झाल्या, मामांनी त्याला अजून बोलावलेलं नाही. दर वेळी उलटंच चढायचं आणि मग आठवडाभर मानेला तेल चोळत बसायचं. परवा मी विचारलंच. विणलेल्या साडीवरून हात फिरवत ते म्हणाले, ''मान माझी दुखतीया, तिची न्हाय न्हवं?''