मोठ्या पाण्याची ओटी

आमच्या जामखेडकडं विहिरीच्या काठाला सात धोंडे शेंदूर लावून मांडलेले असतात. त्या साती आसरा, पाण्यातल्या बाया; कोपल्या तर पोटातलं मूल नेतात म्हणतात. घरातल्या सुनेला दिवस गेले की त्यांची ओटी भरायची आणि फोडलेल्या नारळाची एक वाटी तिला प्रसाद म्हणून खायला न्यायची.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या भागूबाईंनी ही ओटी दोनदा भरली होती. दोन्ही वेळा त्यांच्या सुनेचं, रेश्माचं, मूल राहिलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी ठरवलं, विहीर पुरे, आता मोठ्या पाण्याला जायचं. आमच्या गल्लीतल्या बायकांची हरिहरेश्वरची सहल ठरली, तेव्हा गाडीत पहिली जागा त्यांनी धरली. तोवर त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास शिर्डीचा.

सकाळी खडकांवर उतरलो. काळा कातळ, पण मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. भागूबाईंनी त्यावरून हात फिरवला.

"ताई, ह्यो तर आमच्या विहिरीचाच दगड. एवढी भोकं कुनी पाडली?"

"पाण्यानं."

"पान्यानं! आमचं पानी कळशी भरत न्हाई."

एका खळग्यात त्यांनी सात गोटे मांडले, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. एक वाटी पाण्यात सोडली. दुसरी देवापाशी घटकाभर राहू द्यायची म्हणून कपारीत ठेवली आणि कुत्र्यांनी ओढू नये म्हणून वर जड धोंडा. विहिरीवर करतात तसंच सगळं. मग आम्ही नाश्त्याला गेलो.

चांगल्या रमतगमत परत आलो तर खडकच नव्हते. नुसतं पाणी.

ड्रायव्हर हनुमंत हसला. "मावशी, समुद्रानं खाल्ला तुमचा नारळ. दुसरा घ्या की, इथं ढीग पडलेत."

"ढिगातल्याची ओटी भरलीय का रं?"

सुकट विकणारी एक बाई म्हणाली, "भरती आहे. संध्याकाळी उतरेल, उद्या पुन्हा चढेल."

भागूबाईंना पटेना. "आलेलं पानी आपल्या पायानं परत जातंय? आन् उद्या पुन्ना येतंय? आमच्याकडं एकदा गेलं की पुढच्या पावसापत्तुर तोंड दावत न्हाई."

बाकीच्या देवळात गेल्या. मी त्यांच्याजवळ बसले. दुपार कलली तसं एका खडकाचं डोकं वर आलं, मग दुसऱ्याचं. शेवाळ दिसलं, खेकडे पळाले. भागूबाई तोंड उघडं टाकून बघत होत्या. खळगा उघडा पडला, तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी मीच हात धरून उठवलं.

गोटे एकही नव्हते. कपारीतला धोंडा मात्र हलला नव्हता. खाली वाटी, वाळूनं भरलेली, काठावर एक छोटी गोगलगाय. ती त्यांनी हळूच डबक्यात सोडली, वाटी धुतली आणि पदरात बांधली.

घरी रेश्मानं तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "आत्या, लई खारट हाय."

"खारटच असनार. खा."

"आन् आसरा?"

"त्या ऱ्हायल्या तितंच."

रेश्मा सासूकडं बघत राहिली. मग तिनं दुसरा तुकडा मोडून घेतला.

परवा तिला आठवा लागला. भागूबाईंनी ते दूध मापता मापताच सांगितलं. किटलीचं झाकण लावून जिन्यावर थबकल्या. "ताई, आत्ता तितं खडक उघडा असंल का हो?"