ओल्या फडक्याने पुसलेली खाडी

साठ सालानंतरची गोष्ट. अबुधाबीत मी एका इंग्रज साहेबाकडे घरकामाला होतो. त्याच्या भिंतीवर एक चित्र होतं. साहेबाच्या आजोबांनी ऐंशी वर्षांपूर्वी रत्नागिरीकडे नोकरीत असताना पाण्याच्या रंगांनी काढलेलं. खाडी, धक्का, ओहोटीचा चिखल. चिखल चिखलासारखाच काढला होता, उगाच सजवला नव्हता. अशाच धक्क्यावर माझी बायको मला सोडायला आली होती.

पुढच्या वर्षी ती बाळंतपणात गेली. खबर मला महिन्याने मिळाली. तिचा फोटो नव्हता, आमच्यात तेव्हा बायकांचे फोटो काढत नसत. मग मी हातातलं काम टाकून त्या चित्रापुढे उभा राहायचो; त्या धक्क्यावर ती दिसायची. साहेबाने ते बघितलं असणार. कायमचा विलायतेला निघाला तेव्हा म्हणाला, "तू ठेव."

चित्र खोलीवर आणलं. काच तडकलेली, आत खारट धूळ बसलेली. मी काच काढली आणि घरातलं सगळं पुसायचो तसंच ओल्या फडक्याने पुसलं. आधी धक्का गेला, मग खाडी.

खोलीतला दापोलीचा खानसामा हसला. "मियाँ, साहेबाची भांडी समजून घासलंस काय? खलास!" मग माझं तोंड बघून चहा ठेवायला उठला.

कोरा कागद बरेच दिवस ठेवला, मग टाकून दिला. दुसरं लग्न केलं नाही. आजही नमाजानंतर तिच्यासाठी दुवा मागतो. डोळ्यांपुढे कुणीच येत नाही.