हापशाला मारलेला निळा रंग

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, सकाळी अकरा. नांदेड, एका महाविद्यालयाचं सभागृह. विषय : गावचं पाणी आणि मुलांचं आरोग्य.

हजर : भूजलाचे अभ्यासक एक. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले अभियंता एक. बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई एक. अध्यक्ष एक, ज्यांचा पाण्याशी संबंध पिण्यापुरता. चिठ्ठ्यांच्या टेबलावर निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. माइकवर साउंडवाले चाचा. श्रोते साधारण एकशे चाळीस, त्यात गावांहून आलेल्या बाया तीस-बत्तीस. सूत्रसंचालनाला मी, लातूरहून.

ही नोंद माझ्या वहीतून उतरवली आहे. जिच्यामुळे हे लिहायला बसले ती बाई त्या तीस-बत्तीसमध्ये मोजली गेली. वेगळी नोंद तिची मी केली नव्हती.

मी लातूरच्या एका कॉलेजात कार्यालय अधीक्षक आहे. परिसंवाद चालवायचं काम हौसेनं अंगावर घेतलं, त्याला आता पंधरा वर्षं झाली. लातूर, नांदेड, मधे अहमदपूर, उदगीर. मला बोलावतात कारण मी वेळ पाळते. निदान तशी माझी ख्याती आहे. घड्याळ समोर, वही हातात, वक्त्याला दोन मिनिटं उरली की पिवळा कागद, संपली की लाल. आणि प्रश्न फक्त चिठ्ठीवर. हा नियम माझा. आपल्याकडे प्रश्न विचारायला माणूस उभा राहिला की आधी स्वतःची ओळख सांगतो, मग वक्त्याचं कौतुक करतो, मग स्वतःचं भाषण करतो, आणि शेवटी विचारलं की "तुमचा प्रश्न काय?" तर म्हणतो, "प्रश्न असा नाही, फक्त मत मांडलं." एकदा एका गृहस्थांनी अठरा मिनिटं मत मांडलं. त्यानंतर मी चिठ्ठ्या सुरू केल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दाराशी एक टेबल : सांगा, लिहून देतो. ही कल्पनाही माझीच. दोन-तीन ठिकाणी तिचं कौतुक झालं आणि ते मला आवडलं.

त्या शनिवारी मी वेळापत्रक असं दिलं होतं : स्वागत दहा मिनिटं, तिघांचे वीस-वीस, प्रश्नोत्तरं चाळीस. झालं काय, तर स्वागतच पंचावन्न मिनिटं चाललं. शाल, श्रीफळ, गुच्छ. वक्त्यांचा सत्कार. मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मग "आपल्यात उपस्थित आहेत" असं म्हणून पहिल्या रांगेतल्या सात जणांचा, कारण सहा जणांचा केला आणि सातवा राहिला तर तो वर्षभर बोलत नाही. फोटोसाठी प्रत्येक शाल दोनदा घालायची. डॉक्टरबाई स्वतःच्या टिपणांवरून तिसऱ्यांदा नजर फिरवत होत्या. मी पिवळा कागद दाखवला तो अध्यक्षांनी हसून घडी घालून खिशात ठेवला.

मी माइकपाशी गेले तेव्हा चाचा म्हणाले, "मॅडम, गरम नका होऊ. सत्काराला माइक लई लागतो, प्रश्नाला कुठं लागतो?"

"चाचा, तुम्ही तो बंद पडला म्हणून सांगा ना."

"चाळीस साल धंदा करून राहिलो, आपला माइक बंद पडत न्हाई. हे लोक बंद पडले तर बघा."

लोक बंद पडले नाहीत. वक्ते बोलले, चांगले बोलले, पण घाईत. अभियंता साहेबांनी वीसचे पस्तीस केले. माझ्या हातात प्रश्नांसाठी बारा मिनिटं उरली आणि एकतीस चिठ्ठ्या.

एकतीस चिठ्ठ्या बारा मिनिटांत कशा हाताळायच्या हे मला येतं. तीन ढीग. नेमका प्रश्न, धोरणाचा प्रश्न, आणि प्रश्नच नसलेला. पहिल्या ढिगातल्या पाच वाचल्या. मग दुसऱ्यातली सर्वांत वरची उचलली. वळणदार, देखणं अक्षर. खालचं आडनाव-गाव सांगून मी ती खणखणीत वाचली : "ग्रामीण भागातील जलस्रोतांच्या गुणवत्ता-चिन्हांकनाबाबत शासनाचे धोरण काय आहे व त्याची अंमलबजावणी समाधानकारक आहे काय?"

अभियंता साहेबांना हेच हवं होतं. ते सहा मिनिटं धोरणावर बोलले. परिपत्रकं, समित्या, त्रैमासिक तपासणी. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तशी मागून पाचव्या रांगेत एक बाई उभी राहिली. पन्नाशीच्या आसपासची, डोक्यावर पदर. म्हणाली, "बाई, ह्ये म्या न्हाई इचारलं. माझं येगळं व्हतं."

मी घड्याळ बघितलं. म्हणाले, "ताई, एका माणसाचा एकच प्रश्न घेतलाय. तुमची चिठ्ठी वाचली. बसून घ्या."

"चिठ्ठी माझीच हाय, पर त्यात माझं न्हाई…"

"बसून घ्या ताई. सगळ्यांना वेळ द्यायचाय."

ती बसली. माझा आवाज मला पुरता आठवतो. तोच आवाज मी उशिरा येणाऱ्या कारकुनांना वापरते. त्यानंतर मी आणखी एक चिठ्ठी घेतली, अध्यक्षांना समारोपाला बोलावलं, आणि सगळ्यांना वेळ द्यायचा म्हणणाऱ्या मी अध्यक्षांना चौदा मिनिटं दिली. लाल कागद दाखवलाच नाही. सवय झाली होती.

कार्यक्रम संपला. पाहुणे शेजारच्या खोलीत जेवायला गेले. मी कागद गोळा करत होते. वायरी गुंडाळता गुंडाळता चाचा म्हणाले, "मॅडम, त्या बाई अजून बसूनच हायेत. बघा बरं काय म्हणतात. माइक न्हाई लागायचा त्यांना, जवळ जाऊन ऐका."

गेले. ती लोहा तालुक्यातल्या एका गावची, तिथल्या शाळेत खिचडी शिजवणारी. चौऱ्याऐंशी पोरांची खिचडी, रोज. तिनं सांगितलं ते असं :

"शाळेच्या दाराम्होरं हापसा हाय. मागल्या साली तपासनीस आले अन् लाल रंग मारून गेले. म्हनले ह्ये पाणी पिऊ नका, लेकराच्या पोटाला चांगलं न्हाई. मंग म्या दुसऱ्या गल्लीतून घागरी आनायचे. आता दिवाळी झाल्यावर पंचायतीच्या मानसानं त्याच हापशाला निळा रंग मारला. हेडमास्तर म्हनतेत आता चाललं, हितलंच घे. म्या इचारलं, पाणी बदललं का? तर म्हनतेत, रंग बदलला न्हाई का, दिसत न्हाई का तुला. बाई, माझं इचारनं येवढंच हाय. रंग मारल्यानं पाणी चांगलं व्हतं का? अन् न्हाई व्हत तर म्या सोमवारी खिचडी कशात शिजवू?"

मी ढिगातून ती चिठ्ठी काढली. खाली कोपऱ्यात तिचं आडनाव आणि गाव होतं, तेवढंच तिचं होतं. हापसा नाही, लाल नाही, निळा नाही, सोमवार नाही. खिचडी नाही. पोरं नाहीत.

"ताई, थांबा. वक्ते जेवतायत, मी विचारून येते. पाचच मिनिटं."

"अडीचची गाडी हाय माझी."

"पाच मिनिटं म्हणाले ना."

त्या वेळी दोनला दहा कमी होते. खोलीत शिरले तर दारातच गुरुजी भेटले, ताटात दुसऱ्यांदा वरण घेत. मी सरळ भूजलवाल्यांकडे जायला हवं होतं. मी गुरुजींसमोर चिठ्ठी धरली.

"गुरुजी, हे त्या बाईंनी असं सांगितलं?"

"आशय तोच आहे मॅडम. जरा मांडणी केली. ती बाई हापसा-बिपसा, खिचडी-बिचडी सांगत होती. एवढे मोठे तज्ज्ञ बसलेत, व्यासपीठावर तसं वाचलं असतं तर बरं दिसलं असतं का? आपल्या जिल्ह्याचं नाव आहे."

"तिनं हो-नाहीचा प्रश्न विचारला होता."

"वैयक्तिक होता तो. मी त्याला व्यापक केलं. छत्तीस वर्षं निबंध तपासलेत मी."

"तिनं निबंध लिहिला नव्हता गुरुजी!"

मग मी चढले. आणखी चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर तेच देखणं अक्षर. डॉक्टरबाईंसाठी एक होती : "बालकांच्या दंतारोग्यावर जलातील घटकांचा परिणाम विशद करावा." कुणाच्या तरी लेकराचे दात पिवळे पडले असणार, कुणीतरी आई घाबरून धर्माबादहून दोन गाड्या बदलून आली असणार, आणि तिच्या हातात गुरुजींनी "विशद करावा" दिलं. मी हे मोठ्यानं बोलले. गुरुजी म्हणाले, मॅडम, पद्धत तुमचीच आहे, टेबल तुम्हीच लावायला सांगितलं. मी म्हणाले, लिहायला सांगितलं होतं, सुधारायला नाही. ते म्हणाले, लिहिणं म्हणजे सुधारणंच. अध्यक्ष मधे पडले, "मॅडम, जेवून घ्या आधी." मी त्यांनाही शालींचा हिशेब सुनावला. संयोजकांना सुनावलं. सगळं खरं होतं आणि सगळं मी अगदी मुद्देसूद बोलले.

भूजलवाल्यांपर्यंत पोचले तेव्हा ते हात धुवत होते. मी बाईंच्याच शब्दांत प्रश्न सांगितला. त्यांनी रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "हे मला स्टेजवर का नाही विचारलंत? सोपं आहे. रंगानं काही होत नाही. एकदा लाल मारलं असेल तर नवी तपासणी झाल्याचा कागद बघितल्याशिवाय त्यात शिजवायचं नाही. कागद पंचायतीकडे मागायचा. कागद नसेल तर जुनी घागर चालू ठेवायची. आणि उकळलं म्हणजे झालं असं समजू नका. उकळून जंतू मरतात, पाण्यात विरघळलेलं तसंच राहतं."

बोलायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. सहा मिनिटं धोरण ऐकलं, त्याऐवजी हे अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी सभागृहात धावले तेव्हा अडीच वाजून गेले होते. खुर्च्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. चाचा टेम्पोत स्पीकर चढवत होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. "गेल्या. लई वाट बघितली. गाडी सुटंल म्हणाल्या. काय सांगायचं होतं?"

"सांगायचं होतं की नका शिजवू."

चाचांनी शेवटचा स्पीकर आत सरकवला. टेम्पोचं फाळकं लावलं आणि गेले. स्टँडवर फोन करून काही उपयोग नव्हता, तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. माझ्या चिठ्ठीवर नाव, गाव, प्रश्न असे तीन रकाने आहेत. मोबाइलचा रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता, लिहिण्यात वेळ जातो म्हणून.

लातूरची गाडी लोह्यावरूनच जाते. संध्याकाळी गाडी लोह्याच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली. मी खिडकीशी बसून पुढच्या वेळच्या सुधारणा लिहीत होते : चिठ्ठीत बोललेले शब्द जसेच्या तसे. सत्कार एकच, एकत्र. अध्यक्षांनाही लाल कागद. नऊ मुद्दे झाले. गाडी सुटली. चाकूर आलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी लोह्याला उतरू शकले असते.

सोमवारी सकाळी मी शाळेचा नंबर मिळवला आणि हेडमास्तरांना फोन केला. इथे मला वाटलं मी कामाचं काहीतरी करते आहे. कॉलेजचं नाव सांगितलं, म्हणाले, हापशाच्या पाण्याच्या तपासणीचा कागद आहे का बघा, तज्ज्ञांचं मत असं असं आहे. हेडमास्तर गोड बोलले. "हाव मॅडम, बघतो ना. पर तुम्हाला आमच्या हापशाचं कुणी सांगितलं?" मी म्हणाले, परिसंवादात विषय निघाला. ते हसले. "नांदेडच्या? बरं बरं. आमच्या गावातून तिकडं एकच बाई गेलती."

मी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी सारवासारव केली असेल. फोन ठेवला. खिचडी शिजवणारीला दरवर्षी नव्यानं ठेवतात. ठेवायचं की नाही ते शाळेची समिती ठरवते, आणि समितीचा सचिव हेडमास्तर असतो. कार्यालय अधीक्षक आहे मी. हे नियम मला पाठ आहेत. फोन करायच्या आधीही पाठ होते.

म्हणजे तिचा प्रश्न गुरुजींनी पुसला, मी मोठ्यानं वाचून पुसला, उत्तर मिळालं ते तिच्यापर्यंत पोचवलं नाही, आणि तिचं नाव मात्र जिथं पोचायला नको होतं तिथं पोचवलं. गुरुजींवरचा राग अजून आहे. सत्कारांवरचा तर आहेच, तो जाणार नाही. पण गुरुजींना आणि सत्कारवाल्यांना मी तोंडावर बोलले, मोकळी झाले. स्वतःला तसं बोलायला कुणी समोर उभं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आज बारावा दिवस. मधल्या रविवारी लातुरात एक परिसंवाद झाला, शेतीतल्या बियाण्यांवर. मीच चालवला. या वेळी माइक प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात दिला. तीन भाषणं झाली, एकानं मत मांडलं, पण चाकूरच्या एका बाईनं तिच्याच शब्दांत विचारलं आणि तिच्याच शब्दांत उत्तर घेऊन गेली. संयोजक कुरकुरले, कार्यक्रम तासभर लांबला म्हणाले. लांबू दे.

लोह्याला मात्र गेले नाही. नंतरच्या शनिवारी कॉलेजात परीक्षेची बैठक होती. मधे दोन दिवस रजा मिळत होती ती मी घेतली नाही, आणि त्याला माझ्याकडे कारण नाही. ती जुन्या घागरीनं पाणी आणते आहे की निळ्या हापशाचं, तिला अजून ठेवलंय की काढलं, मला माहीत नाही. फोन पुन्हा करायचा नाही एवढं कळलं आहे. प्रत्यक्ष जायचं, शाळेत न जाता तिच्या घरी, तज्ज्ञांचं उत्तर तोंडानं सांगायचं, पंचायतीकडे कागद मागायचा अर्ज माझ्या नावानं, माझ्या सहीनं द्यायचा. अर्ज लिहून तयार आहे, पर्समध्ये आहे. पहाटे सहाची गाडी घेतली तर शाळेची चूल पेटायच्या आत पोचता येतं.

अजून गेलेले नाही.