आठवं नाव

शीलाताई गेल्याचं मला सहा तासांनी कळलं. हैदराबादला आमच्या ऑफिसात शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि बाहेर यायचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. काम संपल्यावर जिन्यात फोन सुरू केला, तर ‘आमचा सेट’ या ग्रुपवर एकाखाली एक जोडलेले हात... वर सरकवत गेले, तेव्हा समजलं. ताई सकाळीच गेल्या होत्या, दुपारी सगळं आटोपलंही होतं. चारच दिवसांपूर्वी त्यांनी मला त्या ग्रुपमध्ये परत घातलं होतं. मी फोन करणार होते. रविवारी करू म्हटलं.

ताईंचा कम्प्युटरचा क्लास गावाकडे वारंगा फाट्यावर, टायरच्या दुकानाच्या वर. आम्ही सात जण, कम्प्युटर चार. बाकीचे सगळे कॉलेजातले. मी नववीत शाळा सोडलेली. आईनं अंथरूण धरलं आणि घर माझ्यावर आलं. पहिल्या दिवशी दारातच थांबले होते. ताई म्हणाल्या, “आत ये की. चपला हातात काहून धरल्यास? पळून जायचंय व्हय?” तसंच होतं खरं तर.

एके दिवशी त्यांनी प्रोग्रामिंगमधला सेट शिकवला. “लग्नाच्या आवतनाची यादी समजा. मामाचं नाव घातलं. इसरून पुन्हा घातलं. तर मामा दोन येतेत का?”

“आमचा मामा जेवायला दोनदा बसतो, ताई!” मागून एक जण म्हणाला.

“बसू दे. मामा एकच. सेटचं तसंच हाय. ॲड म्हणलं की नाव आत. आधीच आत असलं तर सेट गप ऱ्हातो. रागवत न्हाई, चूक दाखवत न्हाई.” त्यांनी आम्हा सातही जणांची नावं आधीच घालून ठेवली होती. आता प्रत्येकानं आपलं नाव पुन्हा ॲड करायचं आणि आकडा सातच राहतो का ते बघायचं. आम्ही केलं. आकडा आला आठ.

“आठवं कोण बाप्पा?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग सापडलं. ताईंनी मला ‘संगीता’ लिहिलं होतं आणि मी शाळेच्या दाखल्यावर होतं तसं, पहिल्या वेलांटीचं ‘संगिता’. मशीनच्या लेखी त्या दोन बाया. माझे कान तापले. आता शाळेचं निघणार... ताईंनी पडद्याकडे बघत म्हटलं, “एक दाखल्यावरची दिसते, एक इथली.” मग हळूच मला, “दाखल्यावरची पुसायची का?” मी कीबोर्डवरून हात काढून घेतला. “ऱ्हाऊ दे मग. दोघी बी बसा. जागा हाय.”

त्याच धड्यावर मी आज पोट भरते. दोन तऱ्हांनी लिहिलेला एकच माणूस याद्यांमधून शोधायचा आणि एकच ठेवायचा, हे माझं काम. पण नवे साहेब आले की मी पडद्यावरून मान वर करत नाही. कागद मागितले तर? नववीवाल्या बाईला दुसरीकडे कोण घेईल? म्हणून नोकरी सोडवत नाही, रजा मागवत नाही. ताई आजारी असतानाही मागितली नाही. ग्रुपवर कुणी पदवीचा फोटो टाकला की मी गुपचूप बाहेर पडायचे. तीनदा पडले. तिन्ही वेळा ताईंनी परत घातलं, काही न विचारता. शेवटच्या वेळी फक्त एवढं लिहिलं होतं, “किती चपला हातात धरशील?”

मागच्या आठवड्यात ताईंच्या आठवणींचं पुस्तक करायचं ठरलं. प्रत्येकानं नाव, शिक्षण आणि नोकरी लिहून पाठवायची. माझं बोट आपोआप बाहेर पडायच्या बटणावर गेलं... आणि थांबलं. त्या ग्रुपमध्ये माणूस घालायचा हक्क एकट्या ताईंच्या नंबरला आहे. आता बाहेर पडले तर परत घेणारं कुणी नाही. मग लिहिलं, “संगिता. नववी.” पहिल्या वेलांटीनं.

सेट रागावला नाही, त्यानं चूक दाखवली नाही. मी ग्रुपची यादी उघडून पाहिली. सगळ्यात वर ताईंचं नाव, खाली आम्ही. माणसं उरली सात आणि आकडा आठ.