डाव्या पंखातले दोन सूत

सोलापूरला समुद्र नाही, त्यामुळे समुद्राविषयी अधिकारवाणीनं बोलणाऱ्यांची इथे कधी अडचण झाली नाही. आमच्या शाळेच्या प्रदर्शनाचे परीक्षक असलेले रावसाहेब पहिल्या महायुद्धात पुरवठा खात्यातून बसऱ्याला जाऊन आले होते. जाताना बोट लागली आणि येतानाही लागली, एवढंच त्यांचे सोबती सांगत. रावसाहेब मात्र आरमाराबद्दल बोलत. फेट्याला जरीची किनार आणि खिशात हस्तिदंती फूटपट्टी. त्या पट्टीनं त्यांनी एकदा माझ्या वडिलांना मोजलं.

वडील हातमागाचे सुतार. विणकरांच्या वस्तीतले निम्मे माग त्यांच्या हातचे. लिहिणं-वाचणं येत नव्हतं. त्यांचं सगळं शिक्षण मोजायच्या एका शिसवी गजात होतं, चोवीस तसूंच्या, आजोबांकडून आलेल्या. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो त्या वर्षी त्यांनी हौसेनं प्रदर्शनासाठी हातमागाची छोटी प्रतिकृती केली. सहा महिने खपून. त्यांच्या सांगण्यावरून मी खाली चिठ्ठी लावली: 'प्रमाण – गजाला एक तसू.'

रावसाहेबांनी शेजारी मांडलेला खरा माग मोजला, मग प्रतिकृती मोजली. त्यांच्या लेखी गज म्हणजे कापडवाल्याचे छत्तीस इंच आणि तसू म्हणजे एक इंच. प्रतिकृती अर्थातच दीडपट मोठी निघाली.

"प्रमाण साफ चुकलंय," ते भरल्या मंडपात म्हणाले.

"सायेब, आमचा गज चोवीस तसूचा असतोय की."

"तुमचा गज तुमच्या घरी ठेवा."

माणसं हसली. वडिलांनी घरी येऊन गज आढ्यावर ठेवून दिला. त्यानंतर नवा माग करायला घेतला नाही, नुसत्या दुरुस्त्या. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "माप चुकतंय आता माझं. दुसरीकडं बगा." हे वाक्य मी वर्षभर ऐकलं. क्षमेविषयी मी पुष्कळ वाचलं होतं. पण ते लिहिणाऱ्यांच्या बापांना कुणी भरल्या मंडपात खोटं पाडलेलं दिसत नव्हतं.

पुढच्या प्रदर्शनासाठी मी आरमारी लढाऊ विमान करायला घेतलं. मासिकांत दोन-चार विमानांची चित्रं पाहिली होती, पण त्यांतलं एकही केलं नाही. एकाचं नाक घेतलं, दुसऱ्याची शेपूट, बाकीचं पदरचं. ज्याला मूळच नाही त्याची प्रमाणात प्रतिकृती करायची तर आधी मूळ ठरवावं लागतं. मी ठरवलं: नाकापासून शेपटीपर्यंत चोवीस फूट. ते फुटाला अर्धा इंच या प्रमाणात उतरवलं आणि मूळ मापांसकट तसं चिठ्ठीवर लिहिलं. म्हणजे चोविसावा हिस्सा. गजाला तसू हाही चोविसावाच हिस्सा. वडिलांचं जे प्रमाण चूक ठरलं होतं, तेच मी फूट-इंचांचा कोट घालून पुन्हा उभं केलं.

धडाला मागावर सूत फेकायचा फुटका धोटा वापरला. दोन्हीकडून निमुळता, जणू उडण्यासाठीच केलेला. पंखांना बांबूच्या कामट्या, वर तलम कापड. शेजारच्या तेलुगू विणकराकडून आणलेली सुताची खळ त्यावर दिली, तेव्हा वाळल्यावर कापड हलगीसारखं ताणलं गेलं. बोटीवर दाटीत ठेवायचं म्हणून पंख मिटणारे केले. उतरताना बोटीवरच्या आडव्या दोरात अडकायला शेपटीखाली छत्रीच्या तारेचा आकडा. आणि डावा पंख मुद्दाम दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांब ठेवला. बैठकीच्या तळाला शाईनं एक ओळ लिहिली. वडिलांना यातलं काही दाखवलं नाही.

रावसाहेबांनी पट्टी काढली, लांबी मोजली, उजवा पंख मोजला. एक मोजल्यावर दुसरा मोजण्याची गरज थोरांना वाटत नाही. "हे मी बसऱ्याच्या बंदरात पाहिलंय," ते म्हणाले आणि तळहातानं विमान बोटीवर उतरवून दाखवलं. मग शेराबुकात लिहिलं: 'प्रमाण अचूक. असे विमान प्रत्यक्ष पाहिले आहे.' खाली सही, पदवीसकट.

बक्षीस समारंभाला वडिलांना आणण्यासाठी मला घरी भांडावं लागलं. ते विमानासमोर उभे राहिले. कशालाही हात न लावता म्हणाले, "डावा पंख दोन सूत जास्त हाय की रं."

मागे रावसाहेब उभेच होते. "तो मुद्दाम तसा असतो. समुद्रावर वारा डावीकडून येतो."

हेडमास्तरांनी मान डोलावली.

"आन परत येताना?" वडिलांनी विचारलं.

कोणीतरी फिसकन हसलं. तोवर वडिलांनी विमान बैठकीसकट उलथं केलं होतं. सुतार कुणाचंही काम नुसतं वरून बघत नाही. उलथं करून सांधे बघतो. माझा सगळा डाव या एका सवयीवर उभा होता.

"हितं काय लिवलंय? वाचा की मास्तर."

समोर आलेलं मोठ्यानं वाचण्याची हेडमास्तरांना सवय होती. त्यांनी खणखणीत वाचलं, "'हे विमान काल्पनिक आहे. जगात कुठेही नाही.'"

मी शेराबुक उघडून रावसाहेबांपुढे धरलं. "प्रत्यक्ष कुठं पाहिलंत, तेवढं सविस्तर लिहायचं राहिलंय, रावसाहेब. आणि ती पट्टी आता तुमच्या घरी ठेवा." वर्षभर पाठ केलेलं वाक्य, ऐन वेळी आवाज चिरकला, पण वाक्य पुरं झालं. रावसाहेब फेटा सावरत बक्षीस न वाटताच गेले आणि पुन्हा परीक्षक म्हणून आले नाहीत.

हेडमास्तरांनी माझ्याकडून माफीपत्र मागितलं. मी दिलं. जेवढी माफी त्यांना हवी होती, तिच्या गजाला एक तसू या प्रमाणात.

घरी वडिलांनी स्टूल घेतलं आणि आढ्यावरचा गज काढला. धूळ पुसली, विमानावर धरला, मग बारीक करवत उचलली.

"आबा, काय करताय? राहू द्या तसंच. पुरावा आहे तो!"

"चुकीचं माप माझ्या घरात ऱ्हायचं न्हाय, लेका."

दोन सूत गेले. कापड पुन्हा चिकटवून, खळ देऊन त्यांनी विमान वाळत ठेवलं. त्याच आठवड्यात त्यांनी नव्या मागाचं लाकूड आणलं.

ते दोन सूत, काड्या आणि चिंधीसकट, मी उचलून कंपासपेटीत ठेवले. रावसाहेब वारले तेव्हा वडील म्हणाले, "आता तरी टाक की रं ते." मी टाकले नाहीत.